उंच कचेरी आणि हरवलेला सोपा



उंच कचेरीत वीज कशी वाचवावी, हा प्रश्न इंजिनियरांचा. त्याचा इतिहासाशी काय संबंध, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की, हा प्रश्न मुळात विस्मरणाचा आहे आणि काय विसरले गेले, हे इतिहासच सांगू शकतो.

बेळगाव-निपाणीकडील जुने घर डोळ्यांपुढे आणा. पुढे सोपा, मागे पडवी, जाड भिंती, वर कौले. माजघरात शिरण्यापूर्वी उन्हाला सोप्यातच थांबावे लागे. बेळगावच्या कॅम्पातील बंगल्यांचा व्हरांडा हेच काम करी. कचेऱ्यांनीही हा धडा गिरवला होता. मुंबईच्या १८७४ मधील जुन्या सचिवालयाला कमानदार व्हरांडे आहेत. पुढे १९३०-४० च्या सुमारास मुंबईत काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हाही खिडकीवरचा छज्जा सुटला नाही.

मग तो सुटला कशामुळे? विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये हवेतील दमटपणा आवरणारी यंत्रणा सिद्ध केली, ती एका छापखान्यासाठी. पुढे वातानुकूलन, ट्यूबलाइट आणि लिफ्ट यांची सांगड बसली आणि खिडकीपासून कितीही दूर माणूस बसवणे शक्य झाले. न्यूयॉर्कची १९५२ मधील 'लिव्हर हाउस' ही बंद काचेची कचेरी जगभर अनुकरणाचा विषय ठरली. थंडीच्या मुलखात काचेतून येणारे ऊन काही महिने हवेसे वाटते. आपल्याकडे मात्र तीच उष्णता बाहेर काढण्यासाठी वीज खर्चावी लागते. या सुखाची खरी किंमत १९७३ च्या तेलसंकटाने जगाला दाखवली.

उंची आणि सावली यांचे वैर नाही, हे चार्ल्स कोरिया यांनी सिद्ध केले. १९८३ मध्ये पूर्ण झालेली मुंबईची 'कांचनजंगा' सुमारे ८५ मीटर उंच आहे. ती निवासी इमारत खरी. पण तीत बंगल्याचा व्हरांडाच मजल्या-मजल्यावर चढवलेला आहे. त्यानंतर कायदाही जागा झाला. २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा झाला, २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संहिता आली. तिच्या २०१७ च्या आवृत्तीने नेमून दिलेल्या सर्वसाधारण मार्गात खिडक्यांच्या काचेला भिंतीच्या ४० टक्क्यांची मर्यादा घातली.

आता आपल्या गावाकडे वळू. बेळगाव सुमारे १६ उत्तर अक्षांशावर आणि अडीच हजार फुटांच्या आसपास उंचीवर आहे. मेच्या आरंभी मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. डिसेंबरातही तो क्षितिजापासून सुमारे ५१ अंश वर असतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवरील दोन फुटांचा छज्जा डिसेंबरच्या मध्यान्ही खालच्या जवळजवळ अडीच फुटांवर सावली धरतो. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे येते. त्याच्यापुढे छज्जा हतबल ठरतो. तेव्हा इमारतीच्या लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवाव्यात, जिने, लिफ्ट व स्वच्छतागृहे पश्चिमेस घालावीत आणि रुंदी इतकीच ठेवावी की दोन्हीकडचा उजेड मध्यापर्यंत पोहोचेल. छज्ज्याखालची खिडकी पावसाळ्यातही उघडी ठेवता येते आणि उन्हाळ्यातील रात्रीचा गार वारा दिवसभर तापलेल्या काँक्रीटला निववतो.

दिवे बदलता येतात, यंत्रे बदलता येतात; उभ्या इमारतीचे तोंड फिरवता येत नाही. पहिल्या नकाशात झालेली चूक त्यानंतरच्या दोन पिढ्या वीजबिलातून फेडत राहतात. या शाळेचे विद्यार्थी उद्या इंजिनियर होतील, बँकेचे संचालक होतील, नगरसेवकही होतील. नव्या कचेरीचा नकाशा समोर येईल, तेव्हा दर्शनी काचेचे कौतुक करण्यापूर्वी त्यांनी एवढेच विचारावे : हिचा सोपा कोठे आहे?