जुळ्यांचे कपाळ

एकाच कुशीतून आलेल्या जुळ्यांच्या कपाळी सटवाई सारखेच लिहिते काय? हा प्रश्न केवळ आपल्या आज्यांचा नव्हे. १८७५ साली इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन यांनी जुळ्यांची माहिती मागवून त्याचाच शोध आरंभिला. पुढे १९२४ साली जर्मनीत हर्मान सीमेन्स यांनी एकबीज व द्विबीज जुळ्यांची पद्धतशीर तुलना मांडली. एकबीज जुळ्यांचा आनुवंशिक वारसा जवळजवळ एकच असतो. द्विबीजांचा इतर सख्ख्या भावंडांइतकाच. एखादा रोग एकबीज जोडीत दोघांनाही अधिक वेळा झाला, तर त्यात वारशाचा हात असावा, असा हा हिशेब.

मेंदूतील धमनीच्या दुबळ्या जागी कधी फुगा येतो; त्यास ॲन्युरिझम म्हणतात. बहुतेक फुगे आयुष्यभर मुके राहतात. फुटला तर मात्र जिवावर बेतते. पूर्वी जिवंत माणसात तो दिसतच नसे. १९२७ साली लिस्बनला एगास मोनीझ यांनी मेंदूच्या धमन्यांचे क्ष-किरण चित्र घेतले, आणि १९३७ साली बाल्टिमोरला वॉल्टर डॅन्डी यांनी फुग्याच्या मानेला चिमटा लावून रोगी वाचविला.

राहिला वारशाचा प्रश्न. डेन्मार्क, स्वीडन व फिनलंड या देशांनी जुळ्यांच्या नोंदवह्या अनेक वर्षे चिकाटीने राखल्या. त्यांतील ७९,६४४ जोड्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. मेंदूभोवती असा रक्तस्राव ४९२ जोड्यांत एकालाच झाला. दोघांनाही झाला तो अवघ्या ६ जोड्यांत. एकबीजांत हे प्रमाण द्विबीजांहून बरेच अधिक, तरी शेकडा ३च्या आसपासच. वारशाचा वाटा शेकडा ४१ ठरला. २०२० साली जनुकांतील १७ धोक्याच्या जागाही सापडल्या. पण धूम्रपान व रक्तदाब यांची साथ त्यांनाही असते.

म्हणजे जुळ्या बहिणीला हा आघात झाला, तर दुसरीने आपलीही घटका भरली असे समजू नये. पण गाफीलही राहू नये. हा रक्तस्राव पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. आईवडील, भावंडे, मुले यांपैकी दोघांना झाला असेल, किंवा आपले एकबीज जुळे भावंड त्यातून गेले असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगावे. अचानक, कधी न अनुभवलेली डोकेदुखी उठली, तर सुंठीच्या लेपावर न थांबता तत्काळ रुग्णालय गाठावे.

सटवाईने थोडे लिहिले असेलही. उरलेली पाटी आपल्याच हाती आहे.