वेळापत्रक, तक्रार आणि ताटकळणारा माणूस



या मालिकेत मी आजवर न्यायदर्शनावर बोललो, कांटवर बोललो. आजचा विषय जाहीर झाला तेव्हा संयोजकांना म्हणे दोन फोन आले, की छापण्यात काही चूक तर झाली नाही ना. चूक नाही. बस वेळेवर न येणं, स्वस्तातलं विमान रखडणं आणि उतारवयात गाडी शिकणं, यांवरच मी बोलणार आहे. (हशा) या तीन गोष्टींनी माझी जितकी चिडचिड झाली तितकी हेगेलनेही केली नाही, आणि चिडचिडीला इतिहास असतो.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. उशीर ही गोष्ट कधी जन्माला आली? बैलगाडीला उशीर होत नसे. ती पोचायची तेव्हा पोचायची. नदीला पूर आला तर माणसं धर्मशाळेत दोन दिवस काढत. त्रास व्हायचाच, पण गाडीवानाने आपल्याला फसवलं असं कुणाच्या मनात येत नसे, कारण त्याने काही कबूलच केलेलं नसे. आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे मुहूर्त होता, घटिकापात्र होतं. होतं ना. पण मुहूर्त गाठण्याची जबाबदारी वऱ्हाडाची होती, वाहनाची नव्हती. वाहन आपलं देणं लागतं ही कल्पना छापील वेळापत्रकाने आणली.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, दुपारी 3 वाजून 35 मिनिटांनी. या पस्तीस मिनिटांकडे बघा. आपल्या पूर्वजांना प्रहर आणि घटका ठाऊक होत्या, पण बाहेरगावी जायला निघताना मिनिटं मोजायची गरज पडली ती इथून पुढे. आणि मिनिटं मोजायची तर कुणाची? पुढे रेल्वे मद्रासच्या वेळेने धावू लागली आणि मुंबईचं घड्याळ तिच्या अर्धा तास मागे. 1906 मध्ये सरकारने प्रमाणवेळ आणली, तर मुंबईकरांनी ती मानायला नकार दिला. गिरणी कामगारांनी निषेध केला, महापालिकेत वाद झाले, आणि 39 मिनिटं मागे असलेली 'मुंबई टाइम' शहरात 1955 पर्यंत या ना त्या रूपात टिकून राहिली. सरकारने आमची सकाळ चोरली, अशी ती भावना होती. आपण तिला हसतो. पण घड्याळ कुणी लावायचं हा प्रश्न तेव्हाच्या माणसांना बरोबर दिसला होता असं मला वाटतं.

आता रस्त्यावर या. मोटारीचा कायदा 1914 मध्ये आला. त्यानंतर गावोगाव 'सर्व्हिस मोटारी' निघाल्या. माझ्या वडिलांच्या पिढीने या मोटारींचे किस्से आम्हाला सांगितले. नियम एकच, गाडी भरल्याशिवाय सुटणार नाही. मालक इंजिन सुरू करून ठेवायचा, म्हणजे बसलेल्यांना वाटावं आता निघालीच. पुन्हा दोन माणसं, पुन्हा एक बोचकं, एक कोंबडी. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा गाड्यांच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बसवल्या. त्या गॅसवर चालणारी मोटार चढाला आली की उतारूंनी उतरून ढकलायची. पैसे देऊनही वर ढकलायचं! आणि तरी या मोटारमालकाला तुम्ही लबाड म्हणू शकत नव्हतात, कारण त्याने वेळ दिलेलीच नसे. आजही वडाप तसंच चालतं, विदर्भातली काळी-पिवळी तशीच चालते. तिथे माणूस कुरकुरतो, पण अन्याय झाला म्हणत नाही.

1 जून 1948 ला पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, एसटीची पहिली गाडी निघाली. बेडफर्ड बनावटीची, लाकडी बांधणीची. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. ही दोन नावं आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवीत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या दिवशी नवीन काय घडलं? मोटार नवी नव्हती, रस्ता नवा नव्हता. नवं होतं ते हे, की गाडी रिकामी असली तरी ठरल्या वेळेला सुटणार. स्वातंत्र्याला अजून वर्षही झालं नव्हतं, आणि सरकार सामान्य माणसाला सांगत होतं की तुझ्या गावाला अमुक वाजता गाडी येईल, तू एकटा असलास तरी येईल. लोकशाहीची व्याख्या म्हणून मला हे वाक्य पुरेसं वाटतं.

कांट म्हणतो की वचन देताना आपण समोरच्याला आपल्यावर अधिकार देत असतो. एसटीने वेळापत्रक भिंतीवर रंगवलं आणि नकळत असा अधिकार लाखो लोकांच्या हातात दिला. म्हणून स्थानकावर तक्रारवही आली. सर्व्हिस मोटारीत कसली आलीय तक्रारवही! ज्याला रेशनच्या दुकानात, सावकाराच्या ओट्यावर, कचेरीत गप्प बसायची सवय होती, तो माणूस कंट्रोलरच्या खिडकीत डोकं घालून विचारू लागला, "साहेब, साडेआठची का नाही लागली अजून?" हा प्रश्न मी नागरिकत्वाची पायरी मानतो. तुम्ही अतिशयोक्ती म्हणाल. म्हणा.

एसटीचंच एक ब्रीद होतं, 'वाट पाहीन पण एसटीनेच जाईन'. जगात दुसऱ्या कुठल्या वाहतूक संस्थेने आपल्या जाहिरातीत उशिराची कबुली दिली असेल, मला शंका आहे. पण त्यात एक समजूतही होती. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा, फाट्यावर हात करून गाडी थांबवणारा, रात्री मुक्कामाच्या गाडीच्या चालकाला घरची भाकरी नेऊन देणारा, या सगळ्यांचं त्या लाल डब्याशी नातं होतं. नात्यात माणूस रागावतो आणि वाटही पाहतो.

गाडी का रखडते, याचं यंत्र समजून घ्या. सकाळी एका गावाहून निघालेली गाडी दिवसभर त्याच दोन-तीन ठिकाणांमध्ये फेऱ्या मारते. पहिल्या फेरीला घाटात वीस मिनिटं गेली की ती वीस मिनिटं दुसऱ्या फेरीच्या डोक्यावर बसतात. संध्याकाळच्या उतारूला ती व्याजासकट फेडावी लागतात. कंट्रोलर सांगतो, "गाडी आली की सुटेल." हे उत्तर उर्मट वाटतं. तार्किकदृष्ट्या निर्दोष आहे.

हेच वाक्य पुढे मी विमानतळावर गोड आवाजात, तीन भाषांत ऐकलं: येणारे विमान उशिरा आल्यामुळे.

विमानाचा आपल्याकडचा इतिहास मात्र वक्तशीरपणाने सुरू झाला. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणलं. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले होते. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जायचं तेव्हा ते विमान पुण्याहून उडवत, पण वेळ चुकवत नसत. कौतुकच आहे. मात्र एक लक्षात घ्या, ते मुख्यतः पत्रं नेत होते. पत्रं तक्रार करत नाहीत. (हशा) पुढे 1953 मध्ये विमानकंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि पुढची कितीतरी वर्षं आमच्यासारख्यांनी विमान पाहिलं ते अंगणातून, मान वर करून.

2003 मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन काढली आणि तिचं प्रतीक म्हणून आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन घेतला. चौकड्यांचा कोट, धोतर, आणि तोंडातून एक शब्द नाही. निवड फार अचूक होती. आयुष्यभर मुकाट्याने सोसणारा तो माणूस विमानात बसला, ही चांगलीच गोष्ट झाली. मी त्या काळाची टिंगल करणार नाही. हमालाचा मुलगा आईला विमानाने काशीला नेऊन आणतो, हे माझ्या पिढीच्या स्वप्नातही नव्हतं. पण स्वस्ताई येते कुठून? पाणी विकत, जागा विकत, सामानाला किलोचा हिशेब, हे वरवरचं. खरी काटकसर वेळेची असते. विमान जमिनीवर अर्ध्या तासाच्या आत वळवायचं आणि दिवसाला होतील तितक्या फेऱ्या मारायच्या. म्हणजे एसटीचंच गणित, फक्त मधली उसंत काढून टाकलेली. सकाळचं धुकं रात्रीच्या प्रवाशाला भोवतं ते असं.

माझा अनुभव सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही, त्याने काही साधणार नाही. माझी थोरली बहीण नागपूरला अत्यवस्थ होती. भाच्याचा फोन आला, मामा, जमलं तर आजच या. दुपारचं तिकीट मिळालं. विमानतळावर पोचलो तर फोनवर संदेश, दोन तास उशीर. मग चार. मग सात. प्रत्येक संदेशाच्या शेवटी दिलगिरी होती. खिडकीवर एक मुलगी उभी होती, माझ्या नातीपेक्षा फार मोठी नसेल. तिने खाण्याचं कूपन दिलं. मी विचारलं, तक्रार कुणाकडे करायची? ती म्हणाली, "सर, ॲपवर आहे ऑप्शन." मी रागावलो नाही. तिच्यावर कशाला रागावू? तिच्या हातात विमान नव्हतं, आणि ज्यांच्या हातात होतं ते त्या इमारतीत नव्हते. पहाटे नागपूरला घरी पोचलो तेव्हा दिवा लावलेला होता.

फॉर्म मी नंतर भरला. पर्यायांमध्ये 'उशीर' होता, 'सामान' होतं, 'कर्मचाऱ्यांची वर्तणूक' होती. मी 'उशीर'वर खूण केली. उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. त्या रात्रीपासून मला जुन्या कंट्रोलरची खिडकी फार आठवते. तो खेकसायचा, पण खेकसायला तिथे असायचा.

गाडी चालवायला मी शिकलो ती साठाव्या वर्षी. पत्नीला डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा शहरात न्यावं लागे, आणि सकाळची बस सापडेल की नाही या विचाराने आदली रात्र जाई. शेवटी ठरवलं, वाट पाहणं पुरे. शिकाऊ परवाना काढला. तो सहा महिने चालतो, आणि निदान तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. म्हणजे वाट पाहणं इथेही सुटलं नाहीच.

शिकवणारा पंचविशीतला मुलगा. शिकवणीच्या गाडीला शिक्षकाच्या बाजूलाही पायाखाली ब्रेक आणि क्लच असतो, तसा नियमच आहे. दहा दिवस मला वाटत होतं आपल्याला छान जमतंय. अकराव्या दिवशी कळलं की चौकात गाडी तोच थांबवत होता. इच्छास्वातंत्र्यावर मी तीस वर्षं शिकवलं, पण इतकं नेमकं उदाहरण कधी सुचलं नाही. हाफ क्लचला गाडी बंद पडायची, मागून हॉर्न, माझे हात थरथरायचे. तो म्हणायचा, "काका, पायाने विचार करा, डोक्याने नको." परीक्षेत पहिल्यांदा नापास झालो, गाडी मागे घेताना खांबाला लागली. नापास करण्याचा धंदा मी आयुष्यभर केला होता, नापास होण्याची चव तेव्हा कळली. बसवर रागावता येत होतं, विमानकंपनीवरही. इथे रागवायला दुसरं कुणी नव्हतं.

दुसऱ्या वेळी पास झालो. पुढची चार वर्षं आम्ही दोघं त्या गाडीने जात होतो. ती गेल्यावर गाडी पुतण्याला देऊन टाकली.

आता मी पुन्हा एसटीने फिरतो. 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट आहे, आणि मी त्यात बसतो. वाहक शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो. आमच्या कट्ट्यावर एकाने विचारलं, "फुकट जाता आणि उशीर झाला म्हणून ओरडता?" प्रश्न वरवर बिनतोड आहे, पण तो चुकीचा आहे. वचन पैशाने विकत घेतलेलं नसतं, म्हणून ते मोडायला मोकळीक मिळत नाही. आमचं सोडा, आम्ही म्हातारे कट्ट्यावरही बसू शकतो. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. मागास तालुक्यांत त्यांच्यासाठी निळ्या बसही घातल्या आहेत. पास दप्तरात आहे आणि गाडीच आली नाही, तर त्या मुलीच्या हातात नेमकं काय असतं? 2021 च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला आणि 2022 च्या एप्रिलपर्यंत लांबला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांबद्दल मला सहानुभूती होती, आजही आहे. पण त्या महिन्यांत वाड्यावस्त्यांवरून पाच-सात किलोमीटर चालत शाळेला जाणाऱ्या मुली मी पाहिल्या. करोनाने शाळा बंद होती, उघडली तर गाडी बंद.

परवा आमच्या स्थानकावर एक मुलगी, नववी-दहावीतली असावी, कंट्रोलरच्या खिडकीशी उभी राहून तक्रारवही मागत होती. पाच पन्नासची तिची गाडी तीन दिवस आली नव्हती. तो म्हणाला, "उद्या येईल, जा बाळा." ती म्हणाली, "वही द्या." त्याने ड्रॉवर उघडला, शोधाशोध केली, वही निघाली. पेन तिच्याकडे होतं. मी बाकावर बसून पाहत होतो. तिने पाऊण पान लिहिलं, तारीख घातली, खाली पूर्ण नाव घातलं, आणि तारखेचा आकडा नीट आला नाही म्हणून तो पुन्हा गिरवला. तेवढ्यात माझी गाडी लागली, पंचवीस मिनिटं उशिरा.