ल्युका यांचा पट आणि ३९ अंकांची मूळ संख्या

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७.

ही संख्या म्हणजे २ चा १२७ वा घात वजा १. १६४४ साली मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकांनी ती मूळ असल्याचे लिहिले. सिद्धता मात्र दिली नाही. त्यांच्या त्याच यादीतील ६७ आणि २५७ हे घातांक पुढे चुकीचे ठरले. ६१, ८९ आणि १०७ तर यादीतून निसटलेच होते. तेव्हा १२७ वर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा?

भागाकार करून पाहणे अशक्यच. २० अंकी संख्यांपर्यंतचे भाजक तपासावे लागतील. प्रत्येक सेकंदाला एक संख्या तपासली तरी सुमारे ४० हजार कोटी वर्षे लागतील.

१८७६ साली एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञांनी भागाकाराचा मार्गच सोडला. पद्धत अशी: ३ पासून आरंभ करावा, वर्ग करून २ वजा करावेत, आलेल्या संख्येला तपासावयाच्या संख्येने भागून बाकी ठेवावी आणि पुन्हा तेच करावे. ४ ने भागल्यावर ३ बाकी उरणाऱ्या मूळ घातांकांसाठी हा निकष चालतो. घातांक ७ घेतला तर संख्या १२७. पदे येतात ३, ७, ४७, ४८, १६ आणि सहावे ०. शून्य आले, म्हणजे १२७ मूळ. कागद-पेन्सिल घेऊन कोणीही हे पाच मिनिटांत पडताळून पाहावे.

घातांक १२७ असेल तर शून्य १२६ व्या पदाला यावे लागते, आणि दरम्यान ३९ अंकी संख्यांचे वर्ग करावे लागतात. त्यासाठी ल्युका यांनी द्विमान पद्धत आणि १२७ × १२७ घरांचा बुद्धिबळासारखा पट सुचवला. प्यादे असलेले घर म्हणजे १, रिकामे घर म्हणजे ०. यातील खुबी अशी की २ च्या १२७ व्या घाताला या संख्येने भागल्यास बाकी १ च उरते. त्यामुळे पटाच्या कडेबाहेर जाणारे प्यादे पुन्हा पहिल्या घरापासून मांडले, की भागाकार आपोआप होतो! ‘टॉवर ऑफ हनोई’ हे प्रसिद्ध कोडेही याच ल्युका यांचे, हे कळल्यावर पटाचे फारसे नवल वाटत नाही.

त्याच वर्षी त्यांनी घातांक ६७ ची संख्या संयुक्त असल्याचे दाखवले, तेही तिचा एकही अवयव न सांगता. अवयव सापडले १९०३ साली, फ्रँक नेल्सन कोल यांना: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

ल्युका यांच्या ३९ अंकी संख्येचा उच्चांक १९५१ पर्यंत टिकला. त्या वर्षी केंब्रिजच्या ‘एडसॅक’ संगणकावर मिलर आणि व्हीलर यांनी ७९ अंकांची मूळ संख्या शोधली. तिची घडण अशी: ल्युका यांच्याच संख्येचा वर्ग, गुणिले १८०, अधिक १.