आगबोटीवरचा चार वाजताचा चहा

१६६२ सालच्या मे महिन्यात ब्रागांझाची राजकन्या कॅथरीन पोर्तुगालहून समुद्रमार्गे इंग्लंडला पोचली. तिचे लग्न इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी ठरले होते. वादळी प्रवासाने ती बेजार झाली होती, आणि पोर्टस्मथला उतरताच तिने घोटभर चहा मागितला, असे सांगतात. चहा कुणाकडेच नव्हता. तिच्यापुढे बिअरसारख्या एल नावाच्या पेयाचा पेला ठेवण्यात आला. ही गोष्ट सांगोवांगीची म्हणून सोडून दिली, तरी पुढचे खरे आहे की इंग्लंडच्या दरबारात चहाचे प्रस्थ वाढले ते या पोर्तुगीज राणीमुळे. आणि याच लग्नाच्या करारात मुंबई बेट आंदण म्हणून इंग्रजांकडे गेले. मुंबई बंदर आणि चहाची आवड, दोन्ही गोष्टी इंग्रजांना एकाच सोयरिकीतून मिळाल्या, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. आपण गोव्यात राहणाऱ्यांनी तरी हे लक्षात ठेवायला हवे. पोर्तुगीजांचे नाव आपल्याकडे बहुधा दुसऱ्याच कारणांसाठी निघते.

मात्र बोटीवर बसून, टेबलावर पांढरे कापड अंथरून, दुपारी चारला चहा घेण्याची रीत यायला आणखी पावणेदोनशे वर्षे जावी लागली. दुपारच्या चहाचे श्रेय बेडफर्डची डचेस ॲना हिला दिले जाते. इंग्लंडच्या उमराव घरांत रात्रीचे जेवण आठच्या पुढे गेले होते. दुपारी पोटात कावळे ओरडू लागत. म्हणून १८४०च्या सुमारास ही बाई आपल्या खोलीत चहा, पाव-लोणी आणि केक मागवू लागली, मग मैत्रिणींना बोलावू लागली, आणि पाहता पाहता ती फॅशन झाली. गंमत अशी की त्याच १८४० सालच्या जुलैत सॅम्युएल क्युनार्डची ‘ब्रिटानिया’ ही आगबोट लिव्हरपूलहून हॅलिफॅक्स आणि बोस्टनकडे निघाली, आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी पेनिन्सुलर अँड ओरिएंटल कंपनीला, म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी असलेल्या ‘पी अँड ओ’ला, राजसनद मिळाली. दुपारचा चहा आणि वेळापत्रकाने चालणारी आगबोट ही अशी एका वयाची भावंडे आहेत.

सुरुवातीच्या बोटींवर ऐष नव्हती. दुधासाठी ‘ब्रिटानिया’वर चक्क गाय ठेवलेली असे. १८४२च्या जानेवारीत चार्ल्स डिकन्स याच बोटीने अमेरिकेला गेला आणि तिथल्या कोठडीएवढ्या खोलीची त्याने पुस्तकात यथेच्छ टिंगल केली. पुढे डबाबंद आटवलेले दूध आले, १८८०नंतर शीतगृहे आली, तेव्हा कुठे गाईची सुटका झाली. समुद्र खवळला की टेबलांना लाकडी चौकटी लावत, म्हणजे कपबश्या घसरून मांडीवर येत नसत. टेबलावरचे कापड मुद्दाम ओले करून अंथरण्याची युक्तीही जुनीच. ओल्या कापडावर बशी सहसा सरकत नाही. कप अर्धाच भरायचा, हे वेगळे सांगायला नको. बोटीचे हेलकावे कमी करणारे यांत्रिक पंख दुसऱ्या महायुद्धानंतरच मोठ्या प्रवासी बोटींवर रुळले. पी अँड ओची १९५०ची ‘चुसान’ ही त्यांतली एक अग्रेसर बोट.

चार वाजताचीच वेळ का, याला बोटीवर आणखी एक अर्थ होता. जहाजावर पहारे चार-चार तासांचे असतात. दर अर्ध्या तासाला घंटेचा एक टोला वाढत जातो आणि पहारा संपताना आठ टोले पडतात. दुपारी बाराला सुरू झालेला पहारा चारला संपतो. म्हणजे वर डेकवर मडमांच्या हातात चहा येत असे, त्याच आठ टोल्यांना खाली इंजिनाजवळ घामाने निथळणारी एक पाळी सुटून दुसरी उभी राहत असे. शिवाय चार म्हणजे नेमके कधी, हेही रोज बदलायचे. मुंबईहून एडनकडे जाताना बोटीवरची घड्याळे मागे सरकवावी लागत. घरच्या घड्याळाप्रमाणे पाहिले, तर रोजचा चहा आदल्या दिवसापेक्षा थोडा उशिरा येई.

१८६९च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई, एडन, सुएझ, पोर्ट सैद, मार्सेय, लंडन हा राजमार्ग बनला. या मार्गावरचा चहा अटलांटिकवरच्या चहाहून वेगळा. तिकडे थंडी-वाऱ्यात काचेच्या आड बसून घ्यायचा, तर इकडे तांबड्या समुद्रात डेकवर कनाती ताणून, त्यांच्या सावलीत वेताच्या खुर्च्या टाकून. आतल्या दिवाणखान्यात दोरीने ओढायचे पंखे असत, तरी जीव कासावीस व्हायचा. असल्या उकाड्यात कढत चहा कसा घ्यावा, हा प्रश्न कोकणी माणसाला पडणार नाही; आपण वैशाखात तेच करतो. जाता जाता एक गैरसमज काढून टाकतो. जाताना डाव्या आणि येताना उजव्या बाजूच्या सावलीतल्या केबिनी श्रीमंतांसाठी राखून ठेवत, तिकिटावर तशी आद्याक्षरे छापत आणि त्यावरून ‘पॉश’ हा शब्द निघाला, ही कथा अनेकांनी ऐकली असेल. असे छापलेले एकही तिकीट आजवर मिळालेले नाही.

आता आपल्या माणसांकडे वळू. मराठी माणसाला या चहाच्या टेबलाशी पोचायला दोन भिंती ओलांडायच्या होत्या. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो ही एक, आणि परक्याच्या हातचे पाणी प्यायले की जात जाते ही दुसरी. बोटीवरचा चहा म्हणजे दोन्ही पातके एकाच कपात! १७८१ साली राघोबादादांनी हणमंतराव नावाच्या ब्राह्मण वकिलाला लंडनला धाडले, तेव्हा एडमंड बर्क या पुढाऱ्याने त्याला आपल्या गावच्या घरी उतरवून घेतले आणि सोवळ्याने स्वयंपाक करता यावा म्हणून बागेतली काचेची खोली दिली. पेशवाईतल्या वकिलाने लंडन गाठले, पण ताट आपलेच ठेवले.

शंभर वर्षांनंतरही स्थिती फार बदलली नव्हती. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. अठरा वर्षांची मुलगी, बरोबर मिशनरी बायका, आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन असा भर सभेत केलेला निर्धार. त्या दोन महिन्यांत रोज दुपारी आजूबाजूला कपांची किणकिण होत असेल, तेव्हा त्या मुलीला काय वाटले असेल, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. १८८८च्या सप्टेंबरात मुंबईहून ‘क्लाइड’ बोटीने निघालेल्या मोहनदास गांधींची कथा त्यांनीच लिहून ठेवली आहे. काट्याचमच्याने खाता येत नाही आणि कोणत्या पदार्थात मांस आहे हे विचारायचा धीर होत नाही, म्हणून ते बरोबर आणलेली मिठाई आणि फळे केबिनीत बसून खात. जातीने त्यांना निघण्याआधीच बाहेर टाकले होते. जयपूरचे महाराज माधोसिंग १९०२ साली लंडनला निघाले, ते आख्खी ‘ऑलिंपिया’ बोट भाड्याने घेऊन आणि चांदीच्या प्रचंड घागरींत गंगाजल भरून. त्यांतल्या दोन घागरी जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये आजही पाहता येतात. राजाला परवडते, विद्यार्थ्याने मिठाईचा डबा घ्यायचा.

चहाला बोटच लागते असेही नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत रानडे, टिळक, गोखले होते. कुणी प्यायले, कुणी नुसता कप तोंडाला लावला. थोड्याच दिवसांत सगळ्यांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये झळकली आणि असे ग्रामण्य माजले की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, त्यावरून सुधारकांनी त्यांना नावे ठेवली. आणि हा सगळा घाट घालून नावे फोडणारे कोण, तर गोपाळराव जोशी, म्हणजे आनंदीबाईंचेच यजमान! बायकोला सातासमुद्रापार धाडणाऱ्या माणसाने पुण्यातल्या भल्याभल्यांना एका कपात बुडवून दाखवले. मला तरी यात नुसता खोडसाळपणा दिसत नाही. समुद्र ओलांडण्याची किंमत ज्या घराने मोजली, त्या घरातल्या माणसाने इतरांच्या सुधारणेची घेतलेली ती जराशी क्रूर परीक्षा होती.

पुढे धार बोथट झाली. बडोद्याच्या सयाजीरावांच्या युरोपवाऱ्या १८८७पासून सुरू झाल्याच होत्या. गोखले १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गेले, सावरकर १९०६ साली ‘पर्शिया’ बोटीने, टिळक १९१८ साली. दुसऱ्या महायुद्धानंतर अँकर लाइनच्या, लॉइड ट्रिएस्तिनोच्या बोटींनी मराठी विद्यार्थी इतक्या संख्येने विलायतेला गेले की डेकवरच्या चहाचे वर्णन प्रवासवर्णनांतला नेहमीचा भाग होऊन बसले.

पण त्या टेबलाशी आपल्या भागातला माणूस त्याच्या कितीतरी आधीपासून होता. तो बसलेला नव्हता, उभा होता. पी अँड ओच्या आणि ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर जेवणघर, भटारखाना आणि केबिनी सांभाळणारी माणसे प्रामुख्याने गोव्याची असत. १७९९ ते १८१३ या काळात नेपोलियनच्या भीतीने इंग्रजी फौज गोव्यात मुक्कामाला होती, तेव्हापासून इंग्रजांना गोंयकार बटलर आणि खानसाम्याची सवय लागली असे मानतात. दुसरे कारण उघड आहे. गोव्याचा ख्रिस्ती माणूस गोमांस, डुक्कर, दारू कशालाही हात लावायला कचरत नसे. जी शिवाशीव पुण्यात ग्रामण्य घडवत होती, तिच्या अभावावर साष्टी-बार्देशातली शेकडो घरे उभी राहिली. डेकवरचे सारंग, टंडेल, सुकाणी आणि खलाशी पुष्कळदा रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान असत आणि इंजिनाच्या तोंडाशी पंजाबी. चहा नेणारा गोव्याचा, दोर ओढणारा कोकणचा. सगळ्यांचा पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराचा लहानसा हिस्सा.

गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात. बोट मिळेपर्यंत तो मुंबईला धोबीतलावला किंवा माझगावला आपल्या गावच्या कुडीत राहायचा. कूड म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेली खानावळवजा धर्मशाळा. प्रत्येक गावाची वेगळी, नाममात्र भाडे, भिंतीशी ओळीने पत्र्याच्या ट्रंका, समोर आल्तार आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायचा तेर्स. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत अशा कितीतरी कुडी होत्या, काही अजून आहेत. आमच्या वाड्यावरचे एक म्हातारे तारवटी घरी कुणी आले की चहाची बशी डाव्या हाताच्या पंज्यावर तोलून, उजवा हात पाठीशी घेऊन आणायचे. पोरे हसायची. चाळीस वर्षे हलत्या जमिनीवर चाललेल्या माणसाची ती चाल होती, हे पोरांना कोण सांगणार?

सावरकरांना घेऊन गेलेली ‘पर्शिया’ ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने बुडवली. दुपारचे जेवण चालू होते. काही मिनिटांत बोट तळाला गेली आणि तीनशेहून अधिक माणसे मेली. इंग्रजी पुस्तकांत या बोटीची आठवण निघते ती कपूरथळ्याच्या महाराजांच्या जडजवाहिरासाठी. महाराज स्वतः आधीच मार्सेयला उतरले होते. जेवणघरात त्या वेळी वाढत कोण होते, याची वाच्यता क्वचितच होते. पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक मुंबईत मस्जिद बंदरजवळ इंडियन सेलर्स होममध्ये आहे. मुंबईला जाणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन यावे.

‘टी’ या शब्दाचा अर्थही बोटीवर मजल्यागणिक बदलत असे. ‘टायटॅनिक’च्या पहिल्या वर्गात तो वाद्यवृंदाच्या साथीने घेतलेला हलका फराळ होता. तिसऱ्या वर्गाचे १४ एप्रिल १९१२चे भोजनपत्रक उपलब्ध आहे. त्यात ‘टी’ म्हणजे संध्याकाळचे जेवणच आहे: थंड मांस, चीज, लोणचे, ताजा पाव-लोणी, शिजवलेली अंजिरे आणि भात, आणि चहा. कष्टकऱ्याचा ‘टी’ पोट भरण्यासाठी असतो. ज्याला आपण ऐटीत ‘हाय टी’ म्हणतो आणि हॉटेलात दामदुप्पट पैसे मोजतो, तो मुळात हाच, गिरणी-खाणीतून दमून आलेल्या माणसाचा.

विमाने आली आणि १९६०-७० च्या सुमारास प्रवासी बोटींचा व्यवहार आटोपला. आमच्या किनाऱ्यावर ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ काही काळ मुंबई-पणजी करत राहिल्या. तिथे चहा काचेच्या पेल्यात मिळे आणि आसपास शेळ्या, फणस, ट्रंका असत. आता समुद्रपर्यटनाच्या बोटींनी जुनी रीत पुन्हा काढली आहे. २००४ साली सेवेत आलेल्या ‘क्वीन मेरी २’वर दुपारी साडेतीनला पांढरे हातमोजे घातलेले वाढपी क्वीन्स रूममध्ये स्कोन, क्लॉटेड क्रीम, जॅम आणि काकडीची बोटभर सँडविचे घेऊन रांगेने येतात, आणि शेजारी वाद्ये वाजत असतात. माझ्या मते हे थोडे नाटकच आहे. पण नाटक छान बसवलेले आहे, आणि त्यात काम करणारी पोरे अजूनही गोव्याची असतात.

पावसाळा संपला की मुरगाव बंदरात या बोटी लागू लागतात. सकाळी प्रवासी बसमध्ये बसून जुन्या गोव्याची देवळे-इगर्जी पाहायला जातात. बोटीवरच्या एखाद्या गोंयकार वाढप्याला त्या दिवशी सुटी मिळालीच, तर तो रिक्षा करून घरी जातो, आईच्या हातची आमटी-भात जेवतो, आणि घड्याळाकडे बघत उठतो. चार वाजता त्याला चहा लावायचा असतो.