जोब्रा गावातली ४२ नावं



बचत गटाच्या वहीत आपण दर महिन्याला नावं आणि आकडे लिहितो. आज अशाच एका यादीची गोष्ट सांगते.

१९७४ साली बांगलादेशात मोठा दुष्काळ पडला. चितगाव विद्यापीठात मुहम्मद युनूस अर्थशास्त्र शिकवत होते. वर्गात मोठमोठे सिद्धान्त, आणि बाहेर माणसं उपाशी मरत होती. मग ते विद्यार्थ्यांना घेऊन शेजारच्या जोब्रा गावात जाऊ लागले. गाव हाच वर्ग झाला.

तिथल्या बायका परक्या पुरुषासमोर येत नसत. सर बाहेर थांबत. विद्यार्थिनी घरात जाऊन प्रश्न विचारत आणि उत्तरं बाहेर आणून सांगत. एक बाई बांबूची स्टुलं विणायची. बांबूला पाच टका लागत, तेवढेही तिच्याकडे नव्हते. म्हणून पैसे व्यापाऱ्याचे, आणि स्टूलही त्यालाच द्यायचं, तो म्हणेल त्या भावानं. दिवसभराच्या कष्टाचे हाती उरत पन्नास पैसे.

१९७६ साली एका विद्यार्थिनीनं अशा अडकलेल्यांची यादी केली. नावं निघाली ४२. सगळ्यांची गरज मिळून ८५६ टका, तेव्हाचे जेमतेम २७ डॉलर! सरांनी ते खिशातून दिले. पुढे १९८३ साली त्यातूनच ग्रामीण बँक उभी राहिली.

कर्जानं सगळंच सुटतं असं नाही. हप्त्यांनी पिचलेल्या बायकाही आपण पाहतो. पण ती बाई आळशी नव्हती, तिचा नफा दुसरा नेत होता. हे दारात जाऊन विचारल्यावरच कळलं.

पुढच्या बैठकीत आपणही विचारू या: उधार माल कोण कुणाकडून घेते, आणि विकते कुणाला?