रियाद : आत वळलेले घर

मोरोक्कोच्या जुन्या शहरांतील चौकाच्या घरांना आज सरसकट 'रियाद' म्हटले जाते. मुळात 'रौदा' म्हणजे बाग या अरबी शब्दाचे हे अनेकवचन. सौदी अरेबियाच्या राजधानीचे नावही हेच. एकमेकींना छेदणाऱ्या वाटांनी चौकात चार वाफे पडलेले, मध्ये पाणी, असे घर म्हणजे खरा रियाद. मोगलांच्या चारबागेचे दूरचे भावंड. फेसच्या दाटीत अशी घरे थोडी. बहुतेक घरे म्हणजे नुसती 'दार', फरसबंद चौकाची. (मराठीत दार म्हणजे घराचे तोंड, अरबीत अख्खे घर.) आमचा मुक्काम होता तेही दारच होते, पाटीवर मात्र रियाद लिहिलेले.

गल्लीकडे जवळजवळ कोरी भिंत. आत शिरताच बोळ काटकोनात वळतो, त्यामुळे दरवाजा सताड उघडा असला तरी चौक कोणाच्या नजरेस पडत नाही. मग एकदम उजेड: खाली 'झेलिज' म्हणजे रंगीत फरशीच्या तुकड्यांची नक्षी, वर कोरीव गिलावा, त्याहून वर ॲटलास पर्वतातले देवदाराच्या जातीचे लाकूड. खोल्या लांबट आणि अरुंद, कारण तुळईची लांबी हीच खोलीच्या रुंदीची मर्यादा. परक्याला बाहेर ठेवण्याचा इतका पक्का विचार ज्या घराने केला, ते आज परक्यांवरच जगते आहे. हे कसे घडले?

मार्च 1912 मध्ये फेसच्या तहाने मोरोक्को फ्रान्सच्या संरक्षणाखाली गेला. रेसिडेंट जनरल ल्योते याने जुनी शहरे पाडली नाहीत. त्यांच्या बाहेर युरोपीयांसाठी नवी वसवली. या धोरणाची वाखाणणी पुष्कळ झाली. जॅनेट अबू-लुघोद यांनी 1980 मध्ये रबातवरील ग्रंथाच्या शीर्षकातच त्याला नागरी वर्णभेद म्हटले, आणि आम्हांला तेच नाव अधिक नेमके वाटते. जतन झाले ते भिंतींचे. नव्या सोयी आणि पैसा भिंतींबाहेर गेला. 1956 च्या स्वातंत्र्यानंतर फेसची सधन कुटुंबेही नव्या शहरात, रबातला, कासाब्लांकाला निघून गेली. त्यांच्या चौकांभोवती खेड्यांतून आलेली बिऱ्हाडे खोलीखोलीने राहू लागली. 1981 मध्ये युनेस्कोने फेसला जागतिक वारशात घेतले. पुढे पडक्या घरांना परदेशी गिऱ्हाईक मिळाले; आधी मराकेशमध्ये, मग इथे.

या चौकांत परका डोळा त्याआधीही शिरला होता. ईडिथ व्हॉर्टन 1917 मध्ये ल्योतेचीच पाहुणी म्हणून आली. 'इन मोरोक्को' (1920) मधील तिचे जनानखाने निस्तेज आहेत, तिथल्या स्त्रिया कंटाळलेल्या. फातिमा मर्निसी यांचा जन्म 1940 चा, फेसचाच. 'ड्रीम्स ऑफ ट्रेसपास' (1994) मध्ये तसल्याच चौकातील स्त्रिया कथा सांगतात, गच्चीवर नाटके करतात आणि उंबरठ्याच्या अर्थावर वाद घालतात. व्हॉर्टनला यातले काही ऐकू आले नाही, कारण पाहुणीसमोर कोणी वाद घालत नसते.

मर्निसींचे चौक स्वर्ग नव्हेत, हेही लक्षात ठेवावे. अतिथिगृहांच्या जाहिरातींत 'दादा'च्या हातच्या जेवणाची तारीफ असते. मराठी कानाला हा शब्द चकवतो. तिथे दादा म्हणजे स्वयंपाकीण, आणि मोठ्या घरांतील दादा पूर्वी बहुधा सहाराच्या दक्षिणेकडून गुलाम म्हणून आणलेल्या स्त्रिया असत. जाहिरातीत उरली आहे ती फक्त चव.

अशा घरांना फ्रेंचमध्ये 'मेझाँ दोत' म्हणतात. 'ओत' या शब्दाचा अर्थ यजमानही होतो आणि पाहुणाही. मालक परदेशी, प्रवासी परदेशी, आणि चहा आणून देणारी तरुणी त्याच गल्लीतली. तेव्हा या शब्दाचे दोन्ही अर्थ बाहेरूनच आलेले असतात.

न्याहारी गच्चीवर मिळे. फेसमध्ये गच्च्या स्त्रियांच्या. पुरुषांनी तिथे न फिरकण्याचा जुना संकेत होता. पहिल्या सकाळी शेजारच्या गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालत होती. आमच्या खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला, तशी अर्धी भरलेली बादली तिथेच ठेवून ती खाली गेली.