पुणे-मुंबई किती तास?

मुंबई किती लांब, असं कोणी विचारलं तर आपण किलोमीटर सांगत नाही. ‘चार तास’ म्हणतो. आज या तासांचाच इतिहास पाहू.

1830 साली बोरघाटात गाडीरस्ता झाला. पुढे रेल्वे आली. 1858 पर्यंत वर पुणे ते खंडाळा आणि खाली मुंबई ते खोपोली गाडी धावू लागली, पण मधल्या घाटात रूळ नव्हते. उतारूंना पालखीतून नाहीतर तट्टावरून घाट चढावा लागे. 1863 मध्ये घाटातली रेल्वे सुरू झाली, तेव्हा हा तुटका रस्ता सांधला गेला.

त्यासाठी 25 बोगदे खोदले. कामाच्या भरात चाळीस हजारांवर मजूर तिथे राबत होते. त्यात डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बायाही होत्या. पटकीने आणि तापाने कितीतरी माणसं दगावली. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, ठेका पुढे चालवून काम पुरं केलं. तिचं नाव इतिहासात राहिलं. पाट्या वाहणाऱ्या बायांची नावं मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

1930 मध्ये डेक्कन क्वीन सुरू झाली आणि अंतर पावणेतीन तासांवर आलं. 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला.

आणि विमान? आभाळातून पुणे-मुंबई अंतर जेमतेम 120 किलोमीटर. विमान हवेत अर्धा-पाऊण तासच असतं. पण हिशोब घरापासून घरापर्यंत करा. चाकणच्या चौकातली गर्दी ओलांडून लोहगावला पोचायचं, दीड-दोन तास आधी रांगेत उभं राहायचं, मुंबईत उतरून पुन्हा टॅक्सी शोधायची. चार तास होतातच! म्हणून विमानाचा खरा फायदा लांबच्या गावाला. दिल्लीला रेल्वेने जवळपास एक दिवस लागतो, विमानाने दोन-सव्वादोन तास.

लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे, त्यामुळे तिथे नागरी विमानांना मर्यादा येतात. कारखाने वाढले तशी नव्या विमानतळाची मागणी वाढली. आधी चाकण-राजगुरुनगर भागातल्या जागांचा विचार झाला. शेतकऱ्यांनी विरोध केला. 2016 मध्ये पुरंदर तालुक्याचं नाव पुढे आलं. तिथल्या सात गावांतही जमिनीवरून तोच वाद उभा राहिला.

शहराचे तास वाचतात तेव्हा कोणाची तरी जमीन जाते, कोणाचे तरी श्रम जातात. विमानतळ नकोच, असं आमचं म्हणणं नाही. चाकणच्या कारखान्यांत आपलीच मुलं कामाला आहेत. पण सातबाऱ्यावर बाईचं नाव नसेल, तर मोबदल्याच्या बोलणीत तिला विचारणार कोण? लक्ष्मीमुक्ती योजनेत नवऱ्याने अर्ज केला, तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. तलाठ्याकडे चौकशी करा.

गटाच्या पुढच्या बैठकीत दोन गोष्टी वहीत लिहा. बाळंतपणाला नेण्याचा दवाखाना आपल्या गावापासून किती मिनिटांवर आहे? आणि आपल्यापैकी कितीजणींचं नाव सातबाऱ्यावर आहे? पाट्या वाहणाऱ्या त्या बायांची नावं राहिली नाहीत. आपली राहिली पाहिजेत.